पांडुरंगा, येणं-देणं बघ

पांडुरंगा, नफा मागायला आलेलो नाही. तो मला तुझ्याकडे कधी मागताच आला नाही. शेतकरी पाऊस मागतो तेव्हा शेजाऱ्याच्या विहिरीतलं पाणी मागत नाही. माझ्या धंद्यात मात्र मागायचं म्हटलं की कुणाच्या तरी खिशातूनच मागावं लागतं. ऑप्शनच्या सौद्यात मला एक रुपया सुटला तर समोरच्याचा एक गेलेला असतो; वर दलाली, एक्स्चेंजचे चार्जेस आणि सरकारचा कर जातो तो वेगळाच. म्हणून इतकी वर्षं देवळात मी नुसते हात जोडले आणि बाहेर पडलो. आई विचारायची, काय मागितलंस रे? मी सांगायचो, सगळ्यांना सुखी ठेव म्हटलं. तिला ते फार आवडायचं. मुलगा समजूतदार निघाला असं तिला वाटायचं, आणि मी तो समज तसाच राहू दिला.

आज मात्र मागणं आहे. नव्या फर्ममध्ये रुजू झालोय, टर्मिनल अजून सुरू व्हायचंय. एक्स्चेंजकडे माझी नोंद होऊन लॉगिन येईपर्यंत दुसऱ्यांच्या मागे खुर्ची टाकून बसायचं, बघायचं आणि गप्प राहायचं, एवढंच काम. म्हणजे वेळच वेळ आहे. तुझ्याशी नीट बोलून घेतो.

आधी झालं ते सांगतो. तू अंतर्यामी आहेस, तुला सगळं ठाऊक असणार. पण आमच्याकडे सौदा फोनवर झाला तरी संध्याकाळी कॉन्ट्रॅक्ट नोट काढावीच लागते.

२०२४ च्या दिवाळीपर्यंत आठवड्याचा एकही वार मोकळा नव्हता. सोमवारी मिडकॅप सिलेक्ट, मंगळवारी फिन निफ्टी, बुधवारी बँक निफ्टी, गुरुवारी निफ्टी, शुक्रवारी सेन्सेक्स. रोज कुठल्या ना कुठल्या इंडेक्सची एक्सपायरी, म्हणजे सौद्यांची मुदत संपायचा दिवस. आमच्या डेस्कवरचा एक जण वाराप्रमाणे देव बदलायचा. सोमवारी शंकर, मंगळवारी गणपती, गुरुवारी दत्त. बुधवार त्याने तुला दिला होता, आणि बँक निफ्टीवर अख्ख्या डेस्कचं पोट असल्यामुळे तुझा मान सगळ्यांत मोठा होता. (सप्टेंबर २०२५ पासून निफ्टीची एक्सपायरी गुरुवारची मंगळवारी आली. दत्ताचं गिऱ्हाईक गणपतीकडे गेलं. ते तुम्ही आपसात बघून घ्या.)

१ ऑक्टोबर २०२४ ला सेबीचं परिपत्रक आलं. यापुढे एका एक्स्चेंजला एकाच इंडेक्सची साप्ताहिक एक्सपायरी, आणि एका कॉन्ट्रॅक्टची किंमत पाच-दहा लाखांवरून किमान पंधरा लाख. एनएसईने निफ्टी ठेवला, बाकीचे साप्ताहिक सौदे बंद. १२ नोव्हेंबरला तुझी कार्तिकी एकादशी झाली आणि दुसऱ्या दिवशी, बुधवारीच, बँक निफ्टीची शेवटची साप्ताहिक एक्सपायरी होती. आईने बारस म्हणून डब्यात शिरा दिला होता. तीन ते साडेतीन या अर्ध्या तासाच्या सरासरीवर इंडेक्सचा शेवटचा भाव ठरतो, त्यामुळे त्या वेळात आमच्याकडे कुणी पाणीही पीत नाही. साडेतीन वाजले की मग शिव्या, हशा, चहा. त्या दिवशी कुणी शिवी दिली नाही. एक जण म्हणाला, चला, बुधवार संपला. मी डबा उघडला आणि शिरा सगळ्यांत वाटला. कुणी विचारलंही नाही कसला म्हणून.

पुढचं तुला सांगायला नकोच, पण ऐक. एके दिवशी सकाळी नऊच्या आत मीटिंग रूममध्ये बोलावणं आलं. बाजार उघडायच्या आधी बोलावतात, कारण नोकरी गेल्याचं ऐकलेल्या माणसाच्या हाती चालू टर्मिनल कुणी ठेवत नाही. यात त्यांचं काही चुकलं नाही, त्यांच्या जागी असतो तर मीही तेच केलं असतं. बाजार उघडला तेव्हा मी अजून आतच होतो; माझ्या ओपन पोझिशन आरएमएसच्या, म्हणजे रिस्क सांभाळणाऱ्या विभागाच्या, मुलाने कापल्या. हा मुलगा एरवी लिमिट वाढवून द्यायला भाव खायचा, दहा वेळा फोन करायला लावायचा. त्या दिवशी तो माझ्या खुर्चीत बसला आणि काचेच्या भिंतीपलीकडून माझ्याकडे बघत हाताने खुणा करत राहिला. आधी कॉल कापू की पुट? आता थांबू? मी आतून मान हलवायची, की त्याने बटण दाबायचं. आतमध्ये एचआरच्या बाई नोटिस पे समजावून सांगत होत्या. त्यांचं मी ऐकलं नाही. पोझिशन मात्र चांगल्या भावात कापल्या गेल्या.

फर्मने कोड लिहिणारे ठेवले आणि हाताने ट्रेड करणारे काढले. आकडे त्यांच्याच बाजूने होते. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये काढलेल्या अभ्यासात आहे, की २०२३-२४ या वर्षात प्रोप्रायटरी ट्रेडर्सनी, म्हणजे आमच्यासारख्या स्वतःच्या पैशांवर खेळणाऱ्या फर्म्सनी, फ्युचर्स-ऑप्शनमध्ये (एफ अँड ओमध्ये) खर्च वजा जाण्याआधी सुमारे ३३ हजार कोटी रुपये कमावले. त्यातला ९६ टक्के नफा अल्गोचा, म्हणजे कोडने आपोआप होणाऱ्या सौद्यांचा. उरलेल्या चार टक्क्यांत आम्ही सगळे बोटं झिजवणारे. मालकाने तरी काय करावं?

त्याच अभ्यासातला दुसरा आकडा माझ्या घशाखाली उतरत नाही. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एक कोटीहून जास्त साध्या माणसांनी एफ अँड ओमध्ये हात घातला. त्यातल्या ९३ टक्क्यांना तोटा झाला, सरासरी माणशी दोन लाखांच्या आसपास, आणि सगळा मिळून १.८ लाख कोटींच्या वर. आमच्या इमारतीत एक मुलगा आहे. एक्सपायरीच्या दुपारी दोन-दोन, तीन-तीन रुपयांचे कॉल घ्यायचा. बाजारात त्याला हीरो-झिरो म्हणतात. दोनाचे चाळीस झाले तर हीरो, नाहीतर साडेतीनला झिरो, आणि बहुतेक वेळा झिरोच. नेमके त्याच वेळी तसले कॉल विकणं हा माझा पगारी उद्योग होता. त्याने घेतलेला लॉट मीच विकला होता असं म्हणता येणार नाही, आणि मी विकला नव्हता असंही म्हणता येणार नाही. स्क्रीनवर भाव दिसतो, लॉट दिसतात, माणूस दिसत नाही. तुला दिसत असणार. तो मुलगा लिफ्टमध्ये भेटला की अजूनही विचारतो, काका, आज मार्केट काय म्हणतंय? मी म्हणतो, बघू. त्याच्या वडिलांनी गावची जमीन विकल्याचं मला वॉचमनकडून कळलं.

मग सांग, ते परिपत्रक मागे घ्यायची सेबीला बुद्धी दे, असं मी कुठल्या तोंडाने म्हणू? मला ते योग्यच वाटतं. त्याने माझी नोकरी खाल्ली, तरी योग्य वाटतं. हे डेस्कवर बोलायची सोय नाही, चहाच्या टपरीवर तर नाहीच. घरी बोललो तर बायको म्हणेल, मग चिडचिड कसली करतोस? आणि चिडचिड तर होतेच. नियम बरोबर आहे आणि महिन्याच्या पाच तारखेला ईएमआय जायचाच आहे. यातली एक गोष्ट खरी मानली की दुसरी खोटी पडेल, असं होत नाही. तर पहिलं मागणं हे: या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या आहेत हे कळेल, तेवढं डोकं माझं शाबूत ठेव. राग कुणावर काढायचा तेच कळत नसल्यामुळे तो पोरीच्या अभ्यासावर निघतो. ते थांबव.

आणि त्या मुलाला पुन्हा त्या ॲपच्या वाटेला जाऊ देऊ नकोस. मी सांगितलं तर त्याला वाटेल, काका स्वतः कमावतात आणि मला नको म्हणतात. माझी नोकरी गेलेली त्याला कुठे माहीत आहे? इमारतीत कुणालाच नाही. मी रोज वेळेवर बॅग घेऊन बाहेर पडत होतो ना! कामाविना होतो त्या दिवसांत तर लोक जास्तच टिपा विचारत होते. शेअरबाजारातला माणूस म्हणजे भरपूर कमावलेला माणूस, असा लोकांचा समज आहे. त्यात माझ्या मामेसासऱ्यांचा अपवाद. त्यांच्या मते मी पहिल्यापासून सट्टाच लावतो आणि सुटाबुटातला मटका तो हाच. त्यांच्याशी वाद घालायची शक्ती देऊ नकोस, वेळ फुकट जातो.

मी या धंद्यात आलो तेव्हा पहिल्या फर्ममध्ये एक वयस्कर डीलर होते. पक्के मराठी, गिरगावातले, पण गुजराती पेढीवर उभा जन्म गेल्यामुळे सगळे त्यांना मोटाभाई म्हणायचे. दलाल स्ट्रीटच्या रिंगमध्ये ते जॉबर होते. ओरडून भाव द्यायचा, हातवाऱ्यांनी सौदा पक्का करायचा आणि कागदाच्या चिटोऱ्यावर लिहून घ्यायचा, असा तो जमाना. १९९५ मध्ये बीएसईचं बोल्ट आलं, सौदे स्क्रीनवर गेले आणि रिंग सुनी पडली. सोबतचे किती जण तिथेच संपले ते मोटाभाई कधी सांगत नसत. एवढंच म्हणायचे, एक बरं झालं, बसलेला गळा सुटला. चाळिशी उलटल्यावर ते की-बोर्ड शिकले, एका बोटाने. भाव तोंडाने पुटपुटल्याशिवाय त्यांचं बोट बटणावर पडत नसे, आणि आम्ही पोरं तोंड लपवून हसायचो. आता नव्या फर्ममध्ये मला पायथन शिकायला बसवलंय. ओळ वाचताना माझेही ओठ हलतात, आणि मागे कुणी हसतंय का ते मी हळूच बघतो. मोटाभाई असतील तिथे त्यांना सुखी ठेव. आणि मला त्यांच्याइतकं बिनलाज कर.

इथला डेस्कचा प्रमुख माझ्याहून खूप लहान आहे. जुन्या फर्म्समध्ये सगळे भाई नाहीतर शेठ. इथे सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात, फक्त मला सर म्हणतात. आदराने म्हणतात हे कळतं, तरी बोचतं. मुलाखतीत त्याने विचारलं, सगळ्यांत मोठा ड्रॉडाउन किती होता आणि तो भरून निघायला किती वेळ लागला? मी ४ जून २०२४ बद्दल सांगितलं. लोकसभेचे निकाल लागत होते, निफ्टी एका दिवसात जवळजवळ सहा टक्के पडला होता. त्याने मान डोलावली आणि वहीत काहीतरी लिहिलं. आधीची नोकरी का सोडली ते विचारलंच नाही. आमच्या धंद्यात सध्या ते कुणी कुणाला विचारत नाही. या मुलाशी मला नीट वागता येऊ दे. तो हुशार आहे, उद्धट नाही, आणि त्याचं कधी चुकलं तर मला आतून बरं वाटेल, अशी मला भीती वाटते.

बोटांचंही बघ. जुन्या टर्मिनलवर एफ१ म्हणजे खरेदी आणि एफ२ म्हणजे विक्री. माझ्या की-बोर्डवरचा एफ२ पार कोरा झाला होता, मी पहिल्यापासून विकणारा माणूस. इथे फर्मचं स्वतःचं सॉफ्टवेअर आहे, बटणं निराळी, खिडक्यांचे रंगही निराळे. घाईत हात जुन्याच जागी जाणार. लॉटही आता पूर्वीपेक्षा मोठे झालेत, एक शून्य जास्त पडलं तर लॉगिन मिळाल्या आठवड्यातच परत जाईल. सुरुवातीला माझ्या उजव्या हाताच्या वर तुझा हात असू दे. नंतर काढून घेतलास तरी चालेल.

आता येण्याचं. जुन्या फर्मकडे माझा तिमाहीचा प्रॉफिट शेअर अडकला आहे. तिमाही संपायच्या आत काढलं म्हणून हिस्सा लागू होत नाही, असं त्यांचं म्हणणं. शिवाय सहा महिने दुसऱ्या ट्रेडिंग फर्ममध्ये जाणार नाही, अशा कागदावर सही घेतली होती. वकील म्हणाले, करार कायद्याचं कलम २७ बघा. माणसाला त्याचा धंदा करायला मनाई करणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल. ते बोलायला सोपं. पैसे त्यांच्याकडे आहेत आणि कलम माझ्याकडे.

इथे मला तुकोबा आठवतात. आम्हा बाजारातल्या लोकांना ते संत म्हणून नंतर कळतात, आधी दुकानदार म्हणून कळतात. दुष्काळात धंदा बसला, दिवाळं निघालं, बायको गेली, मुलगा गेला. मग त्यांनी खतपत्रं इंद्रायणीत बुडवली म्हणतात. लोक ही गोष्ट वैराग्याची म्हणून सांगतात. मी ती हिशेबनीसाच्या नजरेने वाचतो. त्यांनी बुडवली ती येणी. लोकांनी त्यांना द्यायचं होतं ते. देणी बुडवली असती तर त्यांना कुणी संत म्हटलं नसतं. आणि येणीसुद्धा सगळी नाहीत: धाकट्या भावाचा, कान्होबांचा अर्धा हिस्सा आधी वेगळा काढून दिला आणि फक्त स्वतःचा नदीत सोडला. सर्वस्व सोडायला निघालेला माणूस दुसऱ्याच्या वाट्याला हात लावत नाही. असं बॅलन्सशीट मी दुसरं पाहिलं नाही.

मला ते जमणार नाही. स्पष्ट सांगतो. मी नोटीस पाठवली आहे, आणि ती तुझ्या मार्गात येत नसेल तर चालू राहू दे. माझं येणं मला हवंय, त्यात पोरीची फी आहे. फक्त ते मिळेपर्यंत मी रोज रात्री त्या आकड्याची बेरीज करत पडतो, ते बंद कर. देण्यांपैकी एकही बुडू देऊ नकोस. कर्जाचे हप्ते, मधल्या काळात मेव्हण्याने न मागता दिलेले पैसे, आणि त्या जमिनीसारखं काही, ज्याचा आकडा कुठल्याही लेजरमध्ये नाही पण मला तो माझ्या बाजूला दिसत राहतो.

दामाजीपंतांसाठी तू विठू महार होऊन बिदरच्या दरबारात गेलास, धान्याचे पैसे मोजलेस आणि पावतीसुद्धा घेतलीस. पावती घेणारा देव म्हणून आम्हा हिशेबी माणसांना तू जवळचा वाटतोस. माझ्यासाठी तसं काही करू नकोस. दामाजीपंतांनी कोठारं उघडून उपाशी लोकांना जगवलं होतं. मी कुणाला काय वाटलं? डब्यातला शिरा.

बाकी तुझ्या मूर्तीकडे हल्ली वेगळ्या नजरेने बघतो. हात कमरेवर. कुठल्याच बटणावर नाहीत. ट्रेडरला शिकवायला सगळ्यांत अवघड तेच असतं, बाजार समोर हलतोय आणि आपली पोझिशन शून्य. कामाविना होतो तेव्हा सव्वानऊ वाजले की अंगठा आपोआप मोबाईलवरच्या ॲपकडे जायचा. पीएफचे पैसे हातात येणार होते. एका चांगल्या एक्सपायरीत वर्षाचा खर्च निघेल, हा हिशेब माझा कागदावर मांडूनही झाला होता. बायकोने काही न बोलता ते पैसे मुदत ठेवीत टाकले, पावती तिच्या कपाटात. ही बुद्धी तिला तू दिलीस असं आई म्हणते. मला ती तिचीच वाटते. ती तिच्याकडेच राहू दे, माझ्याकडे आली तर मी तिच्यातही पळवाट शोधीन.

ही फर्म किती टिकेल ते मी विचारत नाही. नियम पुन्हा बदलतील, मशिन आणखी वेगवान होतील, हा प्रमुखही एक दिवस कुणाच्या तरी मागे खुर्ची टाकून बसेल. तोवर मला रोज सकाळची गाडी मिळू दे, दुपारी तीन ते साडेतीन डोकं थंड राहू दे, आणि बदललेल्या सॉफ्टवेअरचा पासवर्ड लक्षात राहू दे. तो दर पंधरा दिवसांनी बदलावा लागतो, हा कुणाचा शहाणपणा आहे कोण जाणे.

आणि माझ्यासोबत सुटले त्यांचं बघ. बॅक ऑफिसच्या दोघीजणी संध्याकाळी थांबून फाइल जुळवायच्या, कुणाला त्यांचं नावही माहीत नव्हतं. त्यांना ठाण्याच्या अलीकडे काम मिळू दे. चहा देणाऱ्या मामांना नव्या कंत्राटदाराने ठेवून घेऊ दे. काचेपलीकडून मला खुणा करणारा तो आरएमएसचा मुलगा पुढच्याच महिन्यात गेला. त्याला दुसरीकडे ऑफर आहे, पण जुन्या फर्मने त्याचं रिलीव्हिंग लेटर दाबून ठेवलंय आणि नवीन ठिकाणी ते सोमवारच्या आत हवंय. एचआरच्या बाईंना फोन करून मी थकलो. माझी नोटीस महिना-दोन महिने मागे राहिली तरी हरकत नाही, पण त्याचं पत्र या शुक्रवारपर्यंत काढून दे.